वाचलेला रुपया कुणाचा? बेलापूरच्या एका कार्यालयातलं खर्चतपासणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सीबीडी बेलापूरमध्ये राज्य शासनाच्या एका खात्याचं विभागीय कार्यालय आहे. मंजूर पदं नव्वदच्या आसपास, भरलेली साठेक. खात्याचं नाव इथे देत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलं ते मात्र असंच घडलं.

मी लेखा सेवेतून निवृत्त झालेला माणूस, राहायला ठाण्याला नौपाड्यात. जुलै २०२४ मध्ये त्या कार्यालयाच्या प्रमुखांचा फोन आला. ओळख जुनी होती. म्हणाले, "साहेब, एकदा आमचा खर्च बघून जा. ऑडिटवाल्यांच्या नजरेने नको, घरच्या माणसाच्या नजरेने बघा." मग मी, विजेच्या कामातले एक निवृत्त अभियंते आणि त्याच कार्यालयातला एक कनिष्ठ लिपिक, असे तिघं बसलो. मानधन नव्हतं, आदेशाचं एक साधं पत्र होतं. आठवड्यातून दोन दिवस ठाणे-पनवेल लोकल पकडून जायचं, एवढंच.

राज्यस्तरावर खर्चकपातीची एखादी यंत्रणा असावी का, हा प्रश्न तेव्हा आमच्यासमोर नव्हताच. तो सहा-सात महिन्यांनी आला, आणि आला तेव्हा आमच्या हातात या एका कार्यालयाचा अनुभव होता. लेख त्या अनुभवाबद्दल आहे. यंत्रणेबद्दलचं आमचं मत त्यातूनच बनलं.

अडचण काय होती

सरकारी उधळपट्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या गाड्या आणि परदेश दौरे येतात. आम्हीही पहिले दोन आठवडे तेच शोधत होतो. भाड्याच्या गाड्यांची लॉगबुकं चाळली, प्रवासभत्त्याची देयकं पाहिली. किरकोळ त्रुटी सोडल्या तर काही सापडलं नाही.

मग लिपिकाने सहज विचारलं, "साहेब, तुर्भ्याचं गोदाम बघायचं का?"

अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रकारांना 'उद्दिष्ट शीर्ष' म्हणतात. त्यातलं शीर्ष १४, म्हणजे भाडेपट्टी व कर. त्याखाली दरमहा अठ्ठावीस हजार रुपये एका गोदामाला जात होते. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नूतनीकरण, आणि असं नऊ वर्षं चाललेलं. आत काय आहे ते कुणालाच नीट सांगता येईना. किल्ली ज्या शिपायाकडे होती तो निवृत्त होऊन चिपळूणला गेला होता. शेवटी पंचनामा करून कुलूप तोडलं.

आत मोडक्या खुर्च्या होत्या, गंजलेली कपाटं होती, जुने डबा-मॉनिटर होते, आणि छतापर्यंत रचलेले फायलींचे गठ्ठे. एका कोपऱ्यात गठ्ठ्यांना वाळवी लागलेली. नऊ वर्षांचं भाडं मांडलं तर तीस लाखांच्या घरात गेलं. पुढे त्या सगळ्या भंगाराचे आले एक्केचाळीस हजार.

हे ऐकून कुणीही म्हणेल, काय हा निष्काळजीपणा. मलाही तसंच वाटलं होतं. पण फाईल काढली तेव्हा दिसलं की निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून मोडीत घालण्याचा, प्रस्ताव तीनदा वर गेला होता आणि तीनदा त्रुटी लागून परत आला होता. वस्तूंच्या खरेदीची तारीख आणि मूळ किंमत डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीत) मिळत नाही, ही त्रुटी. रजिस्टर २००५ च्या २६ जुलैच्या पुरात भिजलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. जे सिद्ध करता येत नाही ते निर्लेखित करता येत नाही, आणि जे निर्लेखित नाही ते टाकता येत नाही. म्हणून ठेवायचं. ठेवायचं म्हणजे भाडं. भाडं देणं नियमात बसत होतं, खुर्ची मोडीत काढणं बसत नव्हतं. भांडारपालाने दोन्ही वेळा नियमच पाळला होता.

विजेचं बिल अभियंत्यांनी पाहिलं आणि हसायलाच लागले. करारातली मागणी, म्हणजे वीज कंपनीकडे राखून ठेवलेली क्षमता, २०० केव्हीए, आणि मीटरवर वर्षभरात नोंदलेली सर्वांत जास्त मागणी ५८. एकेकाळी त्याच मजल्यांवर आणखी एक कार्यालय होतं, खिडक्यांना जुने एसी होते. ते कार्यालय हललं, दिवे एलईडी झाले, करार तसाच राहिला. वापर कितीही कमी झाला तरी मागणी आकार करारातल्या मागणीच्या ठराविक टक्क्यांखाली उतरत नाही, त्यामुळे न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दरमहा जात होते. मीटर इमारत सांभाळणाऱ्या दुसऱ्याच खात्याच्या नावावर. बिल हे कार्यालय भरत होतं, मागणी कमी करण्याचा अर्ज त्या खात्याने करायचा होता. त्यांना करण्यात रस नव्हता, कारण त्यांच्या खिशातून काहीच जात नव्हतं.

आवारात, सोनमोहोराच्या झाडाखाली, दोन जीप उभ्या होत्या. पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्दच झालेली, त्यामुळे त्या रस्त्यावर यायचा प्रश्न नव्हता. एकीत कुत्रीने पिल्लं घातली होती. त्याबद्दल एवढंच.

कोणते पर्याय होते

गोदामापुरते तीन मार्ग दिसत होते. चौथ्यांदा प्रस्ताव पाठवायचा. प्रमुखांनी स्वतःच्या अधिकारात जेवढं बसेल तेवढं तुकड्यातुकड्यांनी निर्लेखित करायचं. किंवा गोदाम सोडून सगळं सामान बेलापूरच्या इमारतीत आणून टाकायचं आणि कागदांचं पुढे बघायचं.

तुकड्यांचा मार्ग मला पसंत नव्हता. मर्यादेत बसवण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडणं, हा आक्षेप मी नोकरीत असताना दुसऱ्यांवर किती वेळा घेतला होता! अभियंत्यांचं म्हणणं उलट होतं: "तुमचा आक्षेप येईल तेव्हा येईल, भाडं दर महिन्याला येतंय." प्रमुखांनी मधला मार्ग धरला. आधी कागद निवडायचे, मग खुर्च्यांचं बघू. हा निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं, कारण गोदामाचा पाऊण भाग कागदांनीच व्यापला होता.

काय केलं

१९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी घालून दिलेली फायली लावण्याची सहा गठ्ठ्यांची पद्धत महाराष्ट्रातल्या प्रत्येक लिपिकाला प्रशिक्षणात शिकवतात. अभिलेखांची वर्गवारीही ठरलेली: 'अ' कायम, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा, 'क' पाच आणि 'ड' एक वर्ष. म्हणजे नवीन काही शोधायचं नव्हतंच. आमच्या लिपिकाने दोन शिपायांना घेऊन सप्टेंबरपासून दर शनिवारी निंदणीकरण, म्हणजे वर्गवारी लावून मुदत संपलेले कागद वेगळे काढणं, सुरू केलं. पहिल्या महिन्यातच कळलं की निम्म्याहून अधिक गठ्ठे 'क' आणि 'ड'चे, मुदत कधीच उलटलेले. एका गठ्ठ्यात नुसत्या १९९८ च्या हजेरीपटाच्या झेरॉक्स, तीन-तीन प्रती.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. अर्धे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले आणि नोव्हेंबर संपेपर्यंत गोदामाकडे कुणी फिरकलं नाही.

विजेचा अर्ज त्याआधी सुटला होता, तोही गमतीने. प्रमुखांनी दुसऱ्या खात्याला पाच पत्रं लिहिली होती. सहाव्या वेळी अभियंते स्वतः गेले, तिथला उपअभियंता त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, चहा झाला आणि अर्जावर सही झाली. मागणी २०० वरून ८० वर आली. बिल महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास उतरलं. माझ्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: "ओळख नसती तर?"

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारचा शंभर दिवसांचा कार्यक्रम जाहीर झाला. कार्यालयांसाठी सात कलमं होती. त्यातल्या स्वच्छतेच्या कलमात जुने अभिलेख, जडवस्तू आणि निकामी वाहनं हलवणं हेही आलं, आणि कार्यालयांचं मूल्यमापन बाहेरची संस्था करणार होती. जो प्रस्ताव तीनदा परत आला होता तो चौथ्यांदा सतरा दिवसांत मंजूर झाला. नियमाचं एक अक्षर बदललं नव्हतं. खरेदीच्या तारखेऐवजी समितीने वस्तूचं अंदाजे वय लिहून प्रमाणित केलं, आणि तेवढं पुरलं. ते आधीही पुरलं असतं. वर बसलेल्या माणसाला सही न करणं सुरक्षित वाटत होतं. शंभर दिवसांत सही न करणं धोक्याचं झालं.

मॉनिटर वेगळे काढून ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे दिले, जीप नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गेल्या, खुर्च्या-कपाटांचा लिलाव झाला. (पिल्लं तोवर मोठी होऊन स्टेशनच्या बाजूला गेली होती.) 'अ' आणि 'ब' वर्गातले कागद बेलापूरला तळमजल्यावरच्या एका खोलीत आणले. जानेवारीअखेर करार संपला तो पुन्हा केला नाही. अनामत परत आली ती चलनाने कोषागारात भरली.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला छान आहे.

खरा निर्णय फेब्रुवारीत

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लेखाधिकारी मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाई तीस वर्षं याच कामात. म्हणाल्या, "साहेब, वाचलेत ते दाखवायचे का?"

प्रश्न वरवर विचित्र, पण ज्याने एकदा तरी आठमाही (पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावर आधारलेलं अंदाजपत्रक) भरलंय त्याला तो लगेच कळेल. कार्यालयाची तरतूद मुख्यतः मागच्या खर्चाकडे बघून ठरते. ३१ मार्चला न खर्चलेला निधी समर्पित करायचा, म्हणजे शासनाला परत करायचा, नाहीतर तो व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो. एका शीर्षाखाली वाचलेले पैसे दुसऱ्या शीर्षाखाली वापरायचे तर पुनर्विनियोजनाची मंजुरी लागते, आणि ती कार्यालयाच्या हातात नसते. थोडक्यात, ज्याने काटकसर केली त्याची पुढच्या वर्षीची तरतूद कमी होते, आणि ज्याने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं बीम्सवर (निधीवाटपाच्या सरकारी संगणकप्रणालीवर) चढवून सगळं संपवलं त्याची शाबूत राहते.

विजेच्या शीर्षाखाली वाचलं होतं, भाड्याचे दोन महिने वाचले होते. कार्यालयीन खर्चाच्या शीर्षाखालीही थोडं शिल्लक होतं, आणि त्यातून चाळीस नव्या खुर्च्या घेण्याचा प्रस्ताव मॅडमच्या टेबलावर तयार होता. दरपत्रकं आलेली. भाड्याचा पैसा इकडे वळणार नव्हता, पण रीत तीच होती, शिल्लक दिसता कामा नये. ज्या गोदामातून खुर्च्या बाहेर काढायला आम्हाला सात महिने लागले, तशाच गोदामाची ही पहिली खेप.

आम्ही तिघं, प्रमुख आणि मॅडम, संध्याकाळी साडेसहापर्यंत बसलो. खर्च करून टाकावा, असं मॅडमचं मत. "तुम्ही निवृत्त आहात, पावसाळ्यात खोली गळली तर मलाच सांगणार." गुपचूप समर्पित करावं, असं अभियंत्यांचं. मी तिसरं सुचवलं: निधी समर्पित करायचा, पण सोबत सविस्तर टिपण्णी जोडायची की ही बचत कशी झाली, आणि त्यातला अर्धा हिस्सा पुढच्या वर्षी याच कार्यालयाला अभिलेख कक्षाच्या रॅक व दुरुस्तीसाठी मिळावा. प्रमुखांनी माझं ऐकलं. खुर्च्यांचा प्रस्ताव मागे घेतला.

राज्यस्तरीय यंत्रणेचा मुद्दा इथे आला

त्याच सुमारास अमेरिकेतल्या बातम्या इकडे रोज येत होत्या. २० जानेवारी २०२५ ला तिथे केंद्र स्तरावर सरकारी खर्च कमी करण्यासाठी 'डोज' (डिपार्टमेंट ऑफ गव्हर्नमेंट एफिशियन्सी) स्थापन झालं आणि पाठोपाठ आयोवा, ओक्लाहोमा, फ्लोरिडा अशा राज्यांनीही आपापली तशी पथकं काढली. खात्यातल्या एका वरिष्ठांनी आम्हाला विचारलं, आपल्या राज्यात अशी यंत्रणा कशी असावी यावर एक टिपण द्या, तुम्ही काहीतरी करून पाहिलंय.

कल्पना आपल्याला परकी नाही. १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग नेमला गेला, २००५ मध्ये वीरप्पा मोईलींचा दुसरा, २०१४ मध्ये खर्चाच्या व्यवस्थापनासाठी बिमल जालान आयोग. महालेखापाल आहेत, विधिमंडळाच्या लोकलेखा आणि अंदाज समित्या आहेत, २०२२ पासून राज्य सरकारला सल्ला देणारी 'मित्रा' ही संस्था आहे. पण लेखापरीक्षा घडून गेल्यावर येते. आयोग अहवाल देऊन जातो. तुर्भ्याच्या गोदामापर्यंत यातलं कुणी नऊ वर्षांत पोचलं नव्हतं.

कायद्याने स्थापन केलेला आयोग, हा पहिला पर्याय. लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा आणि त्याचा आयोग हे उदाहरण समोर होतं. टिकाऊपणा हा मोठा गुण. पण आयोग म्हणजे अध्यक्ष, सदस्य, सचिव, जागा, गाड्या. अभियंते म्हणाले, "पहिली खरेदी खुर्च्यांचीच."

दुसरा पर्याय वित्त विभागात एक कक्ष. पैशाच्या नाड्या तिथेच असल्याने त्याचं ऐकलं जाईल. मात्र वित्त विभागाचा माणूस आला की प्रत्येक कार्यालय कपाटाला कुलूप लावतं. आमच्याकडे लिपिक आपणहून "गोदाम बघायचं का" म्हणाला तो आमच्या हातात कात्री नव्हती म्हणून. सरसकट कपातीचा अनुभवही ताजा आहे. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला. तेव्हा कोविड होता, इलाज नव्हता. पण अशा कपातीत आधीच काटकसरीने चालणारा आणि गोदाम पोसणारा, दोघांना एकच पट्टी लागते.

तिसरा, मुख्य सचिवांच्या अखत्यारीत छोटं फिरतं पथक, ठरावीक मुदतीचं, मुदत वाढवली नाही तर आपोआप बंद होणारं. टेक्सासमध्ये १९७७ पासून 'सनसेट' आयोग सरकारी संस्थांचं असंच मुदतबंद परीक्षण करतो. आमची शिफारस या तिसऱ्याची होती, एका अटीवर: वाचलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा पुढची दोन वर्षं त्याच कार्यालयाकडे, त्याने ठरवलेल्या कामासाठी राहिला पाहिजे. ही अट नसेल तर पथक नेमूच नये, असं आम्ही लिहिलं. टिपणातलं सर्वांत जास्त खोडाखोड झालेलं वाक्य तेच.

निष्पन्न

एप्रिलमध्ये समर्पणाच्या टिपण्णीवर उत्तर आलं. बचतीची नोंद घेतली आहे, हिस्सा परत देण्याची तरतूद नियमात नाही. नव्या वर्षाचं वाटप आलं ते विजेच्या शीर्षाखाली कमी, भाड्याच्या शीर्षाखाली शून्याजवळ, आणि कार्यालयीन खर्चाखालीही आधीपेक्षा कमी. भाडं कमी होणं बरोबरच होतं. कार्यालयीन खर्च कमी झाला तो खुर्च्या घेतल्या नाहीत म्हणून.

रॅकना पैसे नव्हते. 'अ' वर्गाचे गठ्ठे तळमजल्यावर फरशीवरच, खाली प्लास्टिकचा कागद. पावसाआधी काहीतरी करू, असं सगळे म्हणत होते, आणि पाऊस म्हणजे जूनचा दुसरा आठवडा असं सगळ्यांच्या डोक्यात. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच आला. सकाळी खोली उघडली तेव्हा खालचे दोन थर भिजलेले होते. कायम जपायचे कागद सभागृहात पंख्याखाली वाळत घातले, चार दिवस बैठका बंद. बरेचसे वाचले, काही नाही. गोदामात वाळवीने खाल्ले होते त्यापेक्षा थोडे कमी, एवढंच म्हणता येईल.

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. फक्त ओल्या गठ्ठ्याची एक सुतळी माझ्या हातात दिली, दुसरं टोक त्यांनी धरलं, आणि आम्ही तो उचलून पंख्याखाली नेला.

दुसऱ्या बाजूला, वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास भाडं वाचतंय, विजेचे दीड-पावणेदोन लाख वाचताहेत, आणि हे कायमचं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठी चूक माझी. हिस्सा परत मिळेल का, हा प्रश्न मी बचत झाल्यावर विचारला. तो जुलैतच, पहिल्या पत्रासोबत विचारायला हवा होता. नकार तेव्हा आला असता तर निदान रॅकचा खर्च त्याच वर्षीच्या कार्यालयीन खर्चात बसवता आला असता. खुर्च्यांचा प्रस्ताव मागे घेताना त्याच शिलकीतून रॅक घ्यावेत, हे त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. आम्ही 'खर्च' आणि 'बचत' अशा दोनच खणांत विचार करत होतो. मॅडमचं म्हणणं खुर्च्यांपुरतं चूक आणि गळक्या खोलीपुरतं तंतोतंत बरोबर होतं, आणि मी दोन्ही एकत्र बाजूला सारलं.

दुसरं, कागद हलवण्याआधी ती खोली एका पावसाळ्यात कुणी पाहिली होती का, हे शिपायांना विचारायला हवं होतं. नंतर विचारलं. दोघांनाही माहीत होतं.

विजेच्या अर्जाचं काय वेगळं करता आलं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. बिल एकाचं आणि मीटर दुसऱ्याचं, हे जोवर आहे तोवर कुणाचा तरी विद्यार्थी लागणार. राज्यस्तरीय पथकाला खरं काम असेल तर ते या दोन खात्यांच्या मधल्या जागेत. एकाच कार्यालयाच्या आत जे आहे ते कार्यालयाला बहुधा ठाऊक असतं.

यंत्रणेचं आमचं टिपण दोनदा वर जाऊन आलं. दुसऱ्यांदा एकच त्रुटी होती: "प्रस्तावित यंत्रणेमुळे राज्यस्तरावर होणारी संभाव्य वार्षिक बचत कोटी रुपयांत नमूद करावी." अमेरिकेतल्या 'डोज'च्या आधी दोन ट्रिलियन डॉलरचा आकडा सांगितला गेला होता आणि नंतर तो उतरत गेला, हे ताजं होतं, त्यामुळे अंदाज लिहायची आमची तयारी नव्हती. आम्ही तक्त्यात दोन ओळी भरल्या, गोदामाचं भाडं आणि विजेचा मागणी आकार, दोन्ही रुपयांत, आणि 'कोटी' शब्दावर काट मारून फाईल परत पाठवली. त्यानंतर ती आलेली नाही.